‘निर्धूर’ चूल आणि न जाणारा खोकला

“डॉक्टर, दोन वर्षं झाली, आम्ही निर्धूर चूल घेतलीय. तरी आईचा खोकला का जात नाही?”

ओपीडीत हा प्रश्न आला की मी मुलाला उत्तर देण्याआधी आईंकडे वळतो. “मावशी, अंघोळीचं पाणी कशावर तापतं?” उत्तर ठरलेलं असतं, “ते बंबात. नाहीतर मागच्या जुन्या चुलीवर.” “आणि भाकरी?” मावशी आधी मुलाकडे बघतात, मग हळूच सांगतात, “त्या नव्या चुलीवर तवा नीट बसत नाही हो.”

अशा बायकांनी जन्मात बिडी ओढलेली नसते. गावात कुणीतरी ‘दमा’ म्हणून सांगितलेलं असतं आणि दर पावसाळ्यात, दर थंडीत इंजेक्शन-सलाईनवर भागवलेलं असतं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे होते आणि निदान निघतं सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात. औषधांनी दम लागणं कमी करता येतं, गेलेलं फुफ्फुस परत आणता येत नाही.

म्हणून आज थोडं कडक लिहितोय. ‘निर्धूर’ हा शब्द चुलीच्या खोक्यावरून, जाहिरातीतून आणि सरकारी पत्रकातून काढून टाकायला हवा. लाकूड जाळणारी एकही चूल निर्धूर नसते. काहींचा धूर जास्त, काहींचा कमी, एवढाच फरक. तो फरक खरा आहे, पण ज्या भरवशावर लोक ती चूल विकत घेतात, तेवढा मोठा नाही.

डोळ्यांना न झोंबणारा धूर

धूर म्हटलं की आपल्याला डोळ्यांतलं पाणी आणि काळी भिंत आठवते. नवी चूल आली, डोळे झोंबेनासे झाले, भिंत काळी होईना, म्हणजे धूर गेला असं वाटतं. पण फुफ्फुसाचं नुकसान करणारा मुख्य घटक डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, हे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे चुलीच्या धुराचा संबंध फक्त खोकल्याशी नाही. सीओपीडी, फुफ्फुसाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, लहान मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांच्या यादीत तो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या कणांचं चोवीस तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावं. पारंपरिक चुलीच्या बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण काही शेकड्यांत असतं. समजा, तुमच्या घरात ते ४०० आहे आणि नव्या चुलीने ते निम्मं केलं. उरले २००. डोळ्यांना फरक कळेल, पण मर्यादेच्या तेरा पट धूर अजून शिल्लकच आहे. शिवाय धुराचा आणि आजाराचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही. खरा फायदा दिसू लागतो तो धूर अगदी खालच्या पातळीवर उतरल्यावर.

हा प्रयोग आपण करून पाहिला आहे

सुधारित चूल ही नवी कल्पना नाही. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये बंद केला. त्या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. तुमच्या आजोळी माती-सिमेंटची, मागे धुराडं असलेली चूल असेल तर ती कदाचित त्यातलीच. त्या धुराड्याचं पुढे काय झालं, आठवून बघा. पहिल्या एक-दोन वर्षांत काजळीने चोंदलं, मग पावसात गंजलं, मग कुणीतरी काढून टाकलं.

हेच ओडिशात शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजलं गेलं. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या गावांमध्ये सुधारित चुली दिलेल्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरून गेला. फुफ्फुसांच्या क्षमतेत सुधारणा दिसली नाही. कारण साधं होतं. लोक ती चूल नियमित वापरत नव्हते आणि तिची डागडुजीही करत नव्हते.

चूल अधिक चांगली असती तर? आफ्रिकेतल्या मलावी देशात पंख्याची, म्हणजे आत हवा फुंकून लाकूड जास्त पूर्ण जाळणारी चूल देऊन पाहिली. दहा हजारांहून अधिक लहान मुलांचा अभ्यास झाला. २०१६ मध्ये निकाल आला. नव्या चुलीच्या घरांतली आणि जुन्या चुलीच्या घरांतली मुलं न्यूमोनियाने सारखीच आजारी पडत होती.

यात बायकांचा दोष शोधू नका. ज्या चुलीवर तवा बसत नाही, जिच्यात मोठं लाकूड जात नाही, जिच्यासाठी रोज बोटभर ढलप्या काढाव्या लागतात, ती चूल पहाटे पाचला कोण पेटवेल? चूल निवडणारा आणि धूर खाणारा माणूस एकच नसतो, अडचण तिथे आहे. घरात टीव्ही घ्यायचा तर सगळे दुकानात जातात. चूल मात्र कुणीतरी प्रदर्शनातून उचलून आणतं आणि ‘वापर’ म्हणून सांगतं.

मग गॅसने तरी काय होतं?

हा प्रश्न रास्त आहे. भारतासह चार देशांत गरोदर स्त्रियांना मोफत गॅस देऊन मोठा अभ्यास झाला. भारतातला भाग तमिळनाडूत होता. गॅस मिळालेल्या स्त्रियांच्या श्वासातलं पीएम २.५ साधारण २४ वर आलं, लाकूड वापरणाऱ्यांचं ७० च्या आसपास होतं. तरीही बाळांच्या जन्मवजनात आणि पुढे न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. हे मी लपवत नाही.

पण यातून ‘गॅस निरुपयोगी’ असा अर्थ काढणं चूक आहे. गॅस वापरूनही आकडा मर्यादेच्या वरच राहिला, कारण बाहेरची हवा आणि शेजारच्या चुली तशाच होत्या. शिवाय अभ्यास गरोदरपणाचा आणि बाळाच्या सुरुवातीच्या काळाचा होता. सीओपीडी वीस-तीस वर्षांच्या धुराने होतो. स्वयंपाकाची चूल गॅसवर नेल्याने धूर जेवढा घटला, तेवढा रोजच्या वापरात टिकवून दाखवणारी लाकडाची चूल माझ्या पाहण्यात नाही.

लंडनमध्येही हीच पळवाट

हा प्रश्न फक्त आपल्या खेड्यांचा आहे असं समजू नका. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं साचलं आणि काही दिवसांत हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि धूर-नियंत्रित क्षेत्रं ठरवता येऊ लागली. एकेका घराला समजावत न बसता पूर्ण वस्तीला नियम लागू झाला, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट.

पण त्या क्षेत्रांत ‘मान्यताप्राप्त’ कमी धुराच्या शेगड्यांना सूट आहे. आज तिथल्या सुखवस्तू घरांत दिवाणखान्याची शोभा म्हणून लाकडाच्या शेगड्या पेटतात आणि मालकांना वाटतं, शिक्का आहे म्हणजे धोका नाही. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या २०२२ च्या अहवालाने हा भ्रम दूर केला. नव्या निकषांत बसणारी लाकडाची शेगडीसुद्धा तेवढीच ऊब देताना घर तापवणाऱ्या गॅसपेक्षा सुमारे ४५० पट जास्त सूक्ष्म कण सोडते. तिथे आपले जे मराठी लोक घर घेताना अशी शेगडी बसवायचा विचार करतात, त्यांनाही माझं सांगणं तेच. शिक्का दंडापासून वाचवतो, फुफ्फुसाला नाही. घरात दम्याचं मूल असेल तर ती शेगडी नकोच.

आपल्या गावांतल्या चुलींना असा नियम लागू केलेला नाही, पण वाडी तर आहे. तुमचं धुराडं तुमच्या स्वयंपाकघरातला धूर शेजारच्या पडवीत सोडतं आणि त्यांचं तुमच्या. म्हणून गॅसचा निर्णय एका घराने घेऊन पुरत नाही. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला हा विषयही यायला हवा.

निवड करायचीच असेल तर

पहिली निवड गॅस किंवा इंडक्शन, आणि अंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब किंवा गीझर. पाण्याचं मी मुद्दाम सांगतो. कित्येक घरांत स्वयंपाक गॅसवर असतो आणि रोज सकाळी तासभर बंब धुमसत असतो. त्या घरात धूर बंद झालेला नसतो.

घरात सीओपीडी किंवा दम्याचा पेशंट, गरोदर स्त्री किंवा पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर कोणतीही लाकडाची चूल घराच्या आत नको. यात तडजोड नाही.

बाकीच्यांना काही कारणाने लाकूड लागणारच असेल, तर हे बघा:

१. विक्रेत्याला ‘निर्धूर आहे का’ असं विचारू नका. भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे चाचणी झाली आहे का, आणि कणांचा आकडा किती, हे विचारा. या मानकात पंख्याच्या चुलीला जेवढे कण सोडायची मुभा आहे, ती साध्या चुलीच्या निम्म्याहून कमी आहे. आकडा सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

२. जी बाई स्वयंपाक करते तिने स्वतः, स्वतःच्या तव्यावर, त्या चुलीवर भाकरी करून पाहावी. तिने नको म्हटलं तर विषय संपला.

३. पंख्याच्या चुलीला वीज किंवा चार्जिंग लागतं आणि बारीक, सुकी लाकडं लागतात. दोन्हीची सोय रोज होणार नसेल तर घेऊ नका.

४. जळण पावसाळ्याआधी भरून आडोशाला ठेवा. ओलं लाकूड चांगल्या चुलीचीही धुमसणारी चूल करतं.

५. पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, रॉकेल कदापि नको. त्या धुरात लाकडाच्या धुरापेक्षा वेगळी विषं असतात.

६. चूल पडवीत किंवा उघड्यावर ठेवा. धुराडं असेल तर ते छपराच्या वर गेलेलं असावं आणि नियमित साफ व्हावं.

७. थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत नेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो.

“चुलीवरच्या भाकरीची चव” आणि सिलिंडरचा खर्च

हायवेवर ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी दिसली की आपण गाडी थांबवतो. महिन्यातून एकदा खाणाऱ्याला ती चव परवडते. आत रोज आठ तास चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ती परवडत नाही. पुढच्या वेळी जेवून झालं की आत डोकावून तिला विचारा, खोकला आहे का.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसजोडणी दिली, पण रिकामी टाकी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली हे चित्र मी नेहमी पाहतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. त्याने वर्ष निघत नाही. सरकारला माझं सांगणं आहे की चुली वाटण्याचे समारंभ थांबवा आणि तो पैसा सिलिंडर भरण्यावर लावा. कुटुंबाला सांगणं वेगळं आहे. सरपण फुकट वाटतं, कारण ते गोळा करणाऱ्या बाईच्या वेळेला आपण किंमत लावत नाही. तिच्या इनहेलरचा, ॲडमिट होण्याचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च एकदा कागदावर मांडा. मग सिलिंडर महाग की धूर, ते ठरवा.

तुमच्या आईला, काकूला, सासूला दोन महिन्यांहून अधिक खोकला असेल, चढावर किंवा पाण्याचा हंडा उचलताना दम लागत असेल, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन स्पायरोमेट्री करून घ्या. सोबत थुंकीची तपासणीही करा, कारण टीबी वगळावा लागतो. इनहेलर सुरू झालं तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका.

आणि दवाखान्यातून घरी गेल्यावर आधी मागच्या दाराचा बंब विझवा. त्या खोकल्यावरचा पहिला उपचार तो आहे. माझी चिठ्ठी त्यानंतर.