तुम्ही कोणाच्या बाजूचे?

पूर्वीची वर्तमानपत्रे निःपक्षपाती होती, आताच सारे बिघडले, असे म्हणण्याची आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. असे म्हणणाऱ्या मंडळींनी पूर्वीची वर्तमानपत्रे वाचलेली नसतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते. १८८१ साली 'केसरी' निघाला. त्याच केसरीचे पहिले संपादक आगरकर. पण सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर पटेना म्हणून त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. दोन्ही पत्रे एकमेकांवर तुटून पडत. निःपक्षपातीपणाचा आव मात्र दोघांनीही आणला नाही.

आणि क्षुल्लक गोष्टीवरून गाव पेटवण्याची कलाही काही दूरदर्शन संचाबरोबर जन्माला आली नाही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आला. कोणी प्याले, कोणी नुसता हाती घेतला. पुढे 'पुणे वैभव' पत्राने हजर असलेल्यांची नावेच छापून टाकली, आणि त्या एका पेल्यापायी ग्रामण्य उभे राहिले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. आजच्या एखाद्या वाहिनीला त्या चहावर सात दिवस सहज काढता आले असते!

तेव्हा पक्षपात नवा नाही. माझे भांडण पक्षपाताशी नाहीच. ज्याला मत आहे त्याने ते मांडावे, खाली आपले नाव घालावे, मग वाचक आणि तो बघून घेतील. मात्र एवढ्यावर जुन्या काळाला ओवाळायचेही कारण नाही. १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला केसरीने नकार दिला. विरोधात एखादा जळजळीत अग्रलेख आला असता तर निदान वाद झाला असता. येथे वादच नको होता. माझ्या मते पक्षपाताचे सर्वांत वाईट रूप हेच. एखाद्याविरुद्ध लिहिण्यापेक्षा त्याचा प्रश्न पानावर येऊच न देणे हे अधिक घातक, कारण वाचकाला ते कळतही नाही.

आता तर या न छापण्याला आणि छापण्यालाही दर लागले आहेत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच पुढाऱ्याची एकच स्तुती, शब्दाला शब्द, तीन मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आली. पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले. प्रेस कौन्सिलने 'पेड न्यूज'ची चौकशी करवली. तो सबंध अहवाल लोकांपुढे यायला मात्र २०११ साल उजाडले, आणि केंद्रीय माहिती आयोगाचा हुकूम लागला. मे २०२५ मधल्या एका रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते.

पण या गोष्टी निदान पकडता येतात. जे पकडता येत नाही त्याचा मासला मी माझ्या धंद्यातलाच देतो. १६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने निर्णय काढला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. गदारोळ झाला. १७ जूनला दुसरा निर्णय आला: हिंदी 'सर्वसाधारणपणे' राहील, दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात निदान २० मुले ती मागणारी हवीत.

वाचकहो, या विसाच्या आकड्यावर जरा थांबा. आमच्याकडे दोन शिक्षकी शाळा आहेत, जेथे पहिली ते चौथी मिळून वीस डोकी भरत नाहीत. तेथे एकाच खोलीत दोन वर्ग बसतात. गुरुजी एकीकडे मुळाक्षरे गिरवून घेतात आणि दुसरीकडे हातच्याची बेरीज सांगतात. मधूनच पोषण आहाराचा तांदूळ मोजतात. अशा शाळेत सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा कोणी शिकवायची, कोणत्या तासाला, आणि ज्याच्या घरची बोली पावरी किंवा गोंडी आहे त्याची ती तिसरी की चौथी? हा खरा प्रश्न. काही पत्रांनी जाणकारांचे लेख छापले, नाही असे नाही. पण आतल्या पानावर.

पहिल्या पानावर काय होते? हिंदी विरुद्ध मराठी. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन शासनाने डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली, आणि ५ जुलैला वरळीला सुमारे वीस वर्षांनी दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. मग काय विचारता! कोण कोणाच्या गळ्यात पडले, कोण आधी बोलले, पुढच्या निवडणुकीत युती होणार काय. पहिलीतला पोरगा गर्दीत कोठे हरवला, कोणी विचारले नाही.

त्याच दिवसांत आमच्या शाळेच्या फाटकाशी एका वाहिनीचा तरुण आला होता. "सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मी त्याला विसाच्या आकड्याचे सांगू लागलो. तो नम्रपणे म्हणाला, "सर, हे जरा लांब होतंय. एका वाक्यात सांगा ना." पोरगा भला होता. उन्हात उभा होता, आणि त्याला वर झुंज पाठवायची होती; माझ्यापाशी झुंज नव्हती.

दादरच्या कबुतरखान्याचे असेच झाले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसे बिघडतात, हे डॉक्टर सांगत होते. श्रद्धेने दाणे टाकणारेही आपले म्हणणे मांडत होते. यात बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्री फाडली गेली आणि रोगाचा प्रश्न जातीधर्माचा होऊन बसला.

यावर "लोकांना हेच हवे असते" असे उत्तर ठरलेले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या बाजूचे शिव्याशाप मिटक्या मारीत वाचणारे घराघरांत आहेत, आणि हा अंक चिवड्याच्या ताटलीशेजारी ठेवून वाचणाऱ्यांतही असतील. पण मुले हट्ट करतात म्हणून कोणी त्यांना रोज चकल्याच जेवायला वाढत नाही.

म्हणून संपादक मंडळींना सांगणे असे. शासननिर्णयावर भांडण लावायचे तर तो निर्णय आधी सबंध छापा. पैसे घेऊन छापले असेल तेथे 'जाहिरात' असे ठळक लिहा. खोटे ज्या पानावर आणि ज्या टायपात छापले, दुरुस्ती त्याच पानावर, त्याच टायपात येऊ द्या. आणि शाळेविषयी लिहायचे असेल तर फाटकाशी थांबू नका, आत येऊन पहिलीत दिवसभर बसा. आमचा वर्ग साडेदहाला भरतो.