सोळा चॅनेल, पण दार एकच

बिनतारी सेन्सर जाळं संथ चालतंय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: चॅनेल वाढवा. ८०२.१५.४ या प्रमाणकानं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ११ ते २६ अशी सोळा चॅनेल दिली आहेत, मग सगळ्यांनी एकावरच कशाला भांडायचं? ऐकायला बिनतोड. पण नोडवरचा रेडिओ एका वेळी एकच चॅनेल ऐकतो आणि ऐकताना बोलू शकत नाही. सगळी माहिती जिथे गोळा होते त्या सिंकलाही बहुधा एकच रेडिओ असतो. शंभर नोडांचं एकेक पॅकेट, वाटेत एकत्र न करता, तिथे पोचवायचं तर किमान शंभर टाइमस्लॉट लागणारच; चॅनेल सोळा असोत की सोळाशे. वाटा कितीही काढा, दार एकच. शेजारच्या फांद्यांची टक्कर टळते एवढं खरं, पण तेवढ्यासाठी मोजकी चॅनेल पुरतात.

याउलट सावध मंडळी म्हणतात, एकच स्वच्छ चॅनेल धरून बसा. वायफायची नेहमीची १, ६ आणि ११ टाळली की १५, २०, २५, २६ बऱ्यापैकी मोकळी राहतात. त्यातलं २६ घ्या. हे म्हणणं अधिक शहाणं, म्हणूनच अधिक फसवं. भिंतींवरून, पाइपांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात, आणि इथे तरंगलांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. नोड बोटभर सरकला, मध्ये लोखंडी कपाट आलं, की कालपर्यंत ठणठणीत असलेला दुवा मुका होतो. त्याच चॅनेलवर पुन्हा पुन्हा ओरडून काय साधणार? शिवाय २६ सगळ्या देशांत वापरता येत नाही. वायरलेसहार्ट या प्रमाणकानं ते वगळलंच.

चॅनेल हवीत ती भरवशासाठी, वेगासाठी नव्हे. २०१२च्या ८०२.१५.४ई दुरुस्तीतली टीएससीएच पद्धत हेच करते. स्लॉटच्या क्रमांकात त्या दुव्याचा ठरलेला ऑफसेट मिळवायचा, सोळानं भागायचं, बाकी उरेल ते यादीतलं चॅनेल. स्लॉट १००३, ऑफसेट २: बाकी १३. वेळापत्रक १०१ स्लॉटांचं असेल तर पुढची पाळी ११०४ला, बाकी २. फसलेलं पॅकेट आपोआप दुसऱ्या चॅनेलवर जातं. यातली गोम १०१ या आकड्यात आहे. त्याचा सोळाशी सामाईक विभाजक नाही, म्हणून दुवा सोळाही चॅनेल फिरून येतो. सोयीचं म्हणून ६४ स्लॉटांचं वेळापत्रक घेतलंत, तर तो दुवा कायम एकाच चॅनेलवर अडकेल. उड्या फक्त नावाला.

आक्षेप उरतो घड्याळांचा. दोन नोडांच्या घड्याळांत दशलक्षात ४० भागांचा फरक असेल तर २५ सेकंदांत एक मिलीसेकंद चुकतो, आणि स्लॉट असतो साधारण दहाचा. हा खर्च खरा आहे. जाळं शांत असलं तरी वेळ जुळवायला अधूनमधून पॅकेट पाठवावं लागतं. पण घड्याळं जुळली की आपली पाळी नसलेल्या स्लॉटांत रेडिओ बंद ठेवता येतो, आणि बॅटरी मुख्यतः खाते ती ही नुसती ऐकत बसण्याची सवय. सीसी२४२० ही जुनी, बहुचर्चित चिप पूर्ण ताकदीनं बोलताना १७.४ मिलिअँपिअर घेते. ऐकताना त्याहून जास्त.