विश्लेषण : व्ही-८ इंजिन आणि ताकद १४५ अश्वशक्ती! ऐंशी-नव्वदच्या दशकांतील अमेरिकी स्पोर्टी कूपे खरेच मरतुकड्या होत्या का?

‘नाइट रायडर’ मालिकेतली काळी, बोलणारी गाडी अनेकांना आठवत असेल. आयपीएलमधल्या कोलकात्याच्या संघाचे नावही याच मालिकेवरून पडले. पडद्यावर ती गाडी अडथळ्यांवरून उड्या मारायची. शोरूममध्ये मात्र हीच पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम १९८२ साली पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनातून अवघी १४५ अश्वशक्ती काढत होती. जादा पैसे मोजून फ्युएल इंजेक्शन घेतले तर १६५. तिची चुलत बहीण शेव्हरोले कमॅरो त्याच वर्षी चार सिलिंडरच्या इंजिनातही मिळायची, ९० अश्वशक्तीची. म्हणजे आजच्या १.२ लिटरच्या हॅचबॅकएवढी!

या आकड्यांवर हसणे सोपे आहे. ‘प्रदूषणाच्या नियमांनी अमेरिकी गाड्यांचा दम काढला’ हा ठरलेला निष्कर्षही लगेच पुढे येतो. तो अर्धाच खरा आहे.

ताकद गेली कुठे?

थोडी कागदावरच गेली. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर ठेवून मोजायच्या. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून हे सारे जोडून येणारा निव्वळ आकडा छापला जाऊ लागला. कॉर्व्हेटचे ५.७ लिटरचे साधे इंजिन त्यामुळे एका वर्षात २७० वरून २०० अश्वशक्तीवर ‘घसरले’. इंजिन जवळपास तेच होते, बदलली होती ती मोजपट्टी. साठच्या दशकातल्या गाड्यांचे जुने आकडे ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांच्या तोंडावर मारणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

उरलेली घट मात्र खरी होती. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुरावर मर्यादा आल्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसे चालत नाही, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे नसले की इंजिन ‘नॉक’ करू लागते, म्हणून कॉम्प्रेशन खाली आणावे लागले. त्यातच १९७३ चे तेलसंकट आले आणि पाठोपाठ ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची, देशव्यापी वेगमर्यादा. स्पीडोमीटरवर ८५ मैलांपुढचा आकडाच छापू नये, असाही नियम काही काळ होता. १९७५ च्या कॉर्व्हेटचे ५.७ लिटरचे इंजिन १६५ अश्वशक्तीवर आले होते.

मग परत आली कशी?

इथे गंमत आहे. नवा कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत पाळावे लागते. कार्ब्युरेटरला ते झेपत नव्हते. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला, त्याचे ऐकणारा छोटा संगणक आला आणि त्याच्या हुकमाने पेट्रोल सोडणारे इंजेक्टर आले. धूर आटोक्यात ठेवण्यासाठी आणलेल्या या यंत्रणेनेच इंजिनाला पुन्हा मोकळा श्वास घेऊ दिला. पेट्रोल आणि ठिणगी क्षणाक्षणाला अचूक मिळू लागल्यावर सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली ताकद वापरता आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेल स्वस्त झाले, तेही पथ्यावर पडले. पण नुसत्या स्वस्त तेलाने कार्ब्युरेटर सुधारला नसता.

फोर्ड मस्टँग हे याचे स्वच्छ उदाहरण. तिचे पाच लिटरचे इंजिन १९८२ मध्ये १५७ अश्वशक्तीचे होते. तेवढ्यावरही कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने पाठलागासाठी सुमारे ४०० मस्टँग घेतल्या. १९८६ मध्ये इंजेक्शन आले, १९८७ मध्ये आकडा २२५ वर पोचला. टॉर्क होता सुमारे ४०७ न्यूटन मीटर, तोही तीन हजार आरपीएमच्या आसपास आणि गाडीचे वजन दीड टनाच्या आत. ० ते ९६ किमीचा वेग गाठायला १९८२ च्या ट्रान्स ॲमला नऊ सेकंदांच्या आसपास लागायचे. या मस्टँगला सहा-साडेसहा.

नंतर तिच्यात आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर आला. आधीचा संगणक हवेच्या दाबावरून अंदाज बांधायचा. कॅमशाफ्ट बदलला की त्याचा हिशेब चुकायचा. नवी यंत्रणा बदल बऱ्यापैकी पचवू लागली. संगणक आला, आता घरच्या गॅरेजमधली कारागिरी संपली, असे म्हणणाऱ्यांना याच गाडीने खोटे पाडले.

आणि ब्युइक? डॉक्टर आणि निवृत्त मंडळींची गाडी ही तिची ओळख. त्याच ब्युइकने १९८७ मध्ये ३.८ लिटरच्या व्ही-६ ला टर्बो आणि इंटरकूलर लावून २४५ अश्वशक्तीची काळी ग्रँड नॅशनल विकली. त्या वर्षीची कॉर्व्हेट २४० ची होती. तिची शेवटची आवृत्ती जीएनएक्स, फक्त ५४७ गाड्या. कागदावर २७६ अश्वशक्ती, पण मासिकांच्या चाचण्यांत तिने ९६ किमीचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठला. कंपनीने आकडा कमीच सांगितला, असे तेव्हापासून मानले जाते.

सगळेच गोडवे गाण्यासारखे नाही. २२५ अश्वशक्तीच्या मस्टँगला मागे ड्रम ब्रेकच होते. मागचा ॲक्सल अखंड, त्यामुळे खडबडीत वळणावर गाडी उडायची. सरळ रस्त्यावर वाघ, घाटात मांजर! याच काळातल्या जपानी कूपे एकंदर अधिक पक्क्या होत्या, हे मान्य करायला हवे.

तरीही १९९८ च्या कमॅरो झेड-२८ कडे पाहावे. इंजिन पुन्हा ५.७ लिटरचेच, ताकद ३०५ अश्वशक्ती. १९७५ च्या कॉर्व्हेटच्या जवळपास दुप्पट आणि धुराचे नियम त्या काळापेक्षा कितीतरी कडक. ताकद आणि स्वच्छ हवा यांतले एकच निवडा, हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

छापील आकड्याचा भरवसा मात्र तेव्हाही नव्हता. १९९९ च्या मस्टँग कोब्राला फोर्डने ३२० अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या तर ताकद आदल्या वर्षीपेक्षा वाढलेलीच दिसेना. ऑगस्टमध्ये विक्री थांबली, विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक आणि एक्झॉस्टमध्ये दुरुस्ती करून द्यावी लागली. २००० साली ‘कोब्रा आर’च्या मोजक्या ३०० गाड्या सोडल्या, तर नेहमीची कोब्रा बाजारात आलीच नाही.