भरल्याशिवाय सुटत नाही!

काळीपिवळीत बसून कधी अमरावतीहून अकोल्याला निघालायत? ड्रायव्हर म्हणतो, 'बसा भाऊ, एक सवारी आली का निघालोच.' ती एक सवारी काही येत नाही. तेवढ्यात शेजारची अर्धी रिकामी लालपरी वेळ झाली म्हणून निघूनही जाते.

आम्हा नेटवर्क प्रोग्रामिंगवाल्यांचा सेम हाच लोचा आहे, बॉस! की-बोर्डचं एक अक्षर पाठवायला नेटवर्क 41 बाइट्स खर्च करतं. 1 अक्षराचा, बाकी 40 नुसता पत्ता आणि हिशेब. एका सवारीसाठी अख्खी बस! 1984 साली जॉन नेगल नावाच्या इंजिनिअरनं यावर नियम सुचवला : आधीच्या मालाची पोच येईपर्यंत थांबा, नाहीतर गाडी भरली की सोडा. त्या काळच्या बारीक लाइन्सना हा फंडा झक्कास होता.

पण पलीकडचा कम्प्युटरही शहाणा. 'उत्तर जाईलच, त्यातच पोच टाकू' म्हणून तोही थांबतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. माझ्या चॅट प्रोग्रामचे मेसेज असेच 200 मिलिसेकंदांपर्यंत रखडत होते. अमरावती-अकोला शंभरेक किलोमीटर. फायबरमधला प्रकाश ते अंतर अर्ध्या मिलिसेकंदात कापतो. म्हणजे बाकी सगळा वेळ स्टँडवरच!

क्लायंट म्हणाला, मोठी लाइन घेऊ. आता बघा, 2022 च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. पण रस्ता कितीही मस्त असो, स्टँडवर उभी जीप त्यानं सुटते का?

मी प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली, 'टीसीपी नोडिले'. म्हणजे भरायची वाट बघू नको, सोड. पॅकेट्स वाढली, बँडविड्थ जास्त लागली, पण मेसेज पळायला लागले. इंटरनेटवरच्या फोनचंही तेच. काही पद्धतींत दर 20 मिलिसेकंदांना 20 बाइट्स आवाज जातो, वर वेष्टण 40 बाइट्सचं. परवडतं, कारण उशिरा पोचलेला आवाज काय कामाचा? मोठ्या फाइल्स पाठवायच्या असतील तर मात्र गाडी भरूनच सोडा.

एवढं सगळं कळणारा मी, आणि घरी काय? बाबा अकोल्यात एकटे. आमचा फोन रविवारी, आठवड्याचं साठवून. मागच्या महिन्यात पाऊस, लाइट बिल, शेजारचं लग्न असं सगळं झाल्यावर म्हणाले, ''बुधवारी छातीत जरासं दुखलं होतं.''

''बुधवारी? आणि आज सांगताय?''

''कायले तुले कामात तरास द्या? रविवारी बोलतोच न आपण.''

शंभर किलोमीटर, चार दिवस! सोमवारी पहिली लालपरी पकडली. ईसीजी नॉर्मल निघाला. परतीच्या बसमध्ये मात्र पूर्ण वेळ तो बुधवारच डोक्यात होता. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, त्याही मी रविवारसाठीच ठेवल्या होत्या की!

आता आमचा नियम बदललाय. साठवायचं नाही. काल रात्री बाबांचा मेसेज आला, 'जेवलो.' एक शब्द. त्याच्यासाठी अख्खी बस. पण वेळेवर सुटली, यार!