शीटमध्ये विहिरीचा कॉलम नव्हता

मे महिन्यात मालवणला जायचं ठरलं, तेव्हा गूगल शीट मीच बनवली. तारकर्ली, देवबाग, स्कुबा, सुरमई थाळी. अकरा जण, तीन रात्री. पैशापैशाचा हिशेब. कौतुकाने आईला दाखवली, तर ती म्हणाली, "अरे, मे महिन्यात आत्याकडे दोन बादल्यांत भागवायचो, विसरलास?"

साफ विसरलो होतो. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण जांभ्यातून झिरपून, उतारावरून वाहून तो समुद्राला मिळतो. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. नेमकी तेव्हाच सुट्टी लागते आणि आपण शॉवर, स्विमिंग पूल मागत हजर होतो.

नोकरीत मी सर्व्हरवर किती लोड येईल याचा अंदाज बांधतो. तो न बांधता काही लाँच केलं, तर मॅनेजर सोलून काढेल. गावाची विहीर मात्र आपल्याला अनलिमिटेड प्लॅन वाटते.

"पण गावाला पैसे मिळतात ना?" मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण ज्याच्या खोल्या आहेत, तो टँकर मागवून बिलात लावतो. शेजारी खोल्या नसलेली आत्या असते. तिची विहीर आटते, तिला कोण भरपाई देतं?

माशांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तरी जुलैत जाऊन 'ताजी सुरमई मिळाली नाही' म्हणून एक स्टार देणारे आपणच.

आणि सेल्फी कुठे काढतो? सिंधुदुर्गावर. १६६४ साली भर समुद्रात बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. गड बांधण्याआधी पाणी बघावं, असं आज्ञापत्रातही सांगितलंय. आपण जयजयकार करतो, पाणी बघत नाही.

कोकणात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. आम्ही सहल नोव्हेंबरवर ढकलली. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, होड्या समुद्रात असतात. दोघं चिडून ग्रुप सोडून गेले. जाऊ देत.

शीटचा पहिला कॉलम आता 'पाणी कुठून येतं?' हा आहे. बुकिंगआधी मालकाला फोन करून एवढं विचारा. उत्तर 'टँकर' असेल, तर तारीख बदला.