निर्जन समुद्रावरची हवा कशासाठी मोजायची?

शहरातली हवा मोजावी, हे सर्वांना पटते. निर्जन समुद्रावरची कशाला, असा प्रश्न मात्र हमखास येतो. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनाही या कामासाठी अनुदान नाकारले गेले. तरीही 'शॅकल्टन' जहाजावरून अंटार्क्टिकाकडे जाताना त्यांनी स्वतःच्या उपकरणाने हवा तपासली. स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी-११ वायू अत्यल्प, पण सर्वत्र सापडला. त्यात धोका नाही, असे खुद्द लव्हलॉक यांनी १९७३ मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला: असे वायू ओझोनचा थर विरळ करतील. थर विरळ झाला की अतिनील किरण वाढतात. त्यातून त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला.

तरी पहारा सुटला नाही, हे बरे झाले. बंदी असूनही सीएफसी-११चे उत्सर्जन वाढल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, ते हवाई बेटांवरील मौना लोआसारख्या दूरस्थ केंद्रांच्या नोंदींमुळेच. पुढे बराचसा माग पूर्व चीनपर्यंत लागला.

निरोगी माणसाचा रक्तदाब किती असतो हे ठाऊक असेल, तरच वाढलेला ओळखता येतो. हवेचेही तसेच. फायदा दिसत नाही म्हणून अशा नोंदींचा खर्च कापणे परवडणारे नाही.