किल्ला विकतचा, गती स्वतःची

सहामाही परीक्षा संपताच अंगणात दगडविटा रचाव्यात, मातीच्या राड्यात बुडविलेले पोते त्यांवर पसरावे आणि अळीव पेरून डोंगर हिरवा करावा, ही महाराष्ट्रातील मुलांची दिवाळीची जुनी रीत. आज अनेक घरांना अंगण उरलेले नाही आणि बाजारात रंगविलेले तयार किल्ले मिळू लागले आहेत. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. मावळे पूर्वीही बहुधा विकतचेच असत. प्रश्न एवढाच, की विकत आणलेल्या किल्ल्यात मुलाचे स्वतःचे असे काय उरते?

याचे एक उत्तर आहे: गती. उंचावर टांगलेल्या बाटलीतून सलाइनची कोरी नळी आणून तिचे टोक बारीक केले, की किल्ल्यावर कारंजे उडते. पण ते बाटलीतील पाण्याच्या पातळीहून वर कधीच जात नाही. बाटली वरखाली करून पाहणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही. पाण्याच्या उंचीत शक्ती साठलेली असते, हे त्याला एकदा कळले, की प्रवरेवरील 1926 साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर वीज कशी होते, हेही उमगते.

पहारेकरी फिरवायचा तर अडचण वेगळी. खेळण्यातील मोटार त्याला भोवऱ्यासारखी गरगरविते. मोटारीवर 1 सेंटिमीटर व्यासाची कप्पी, तबकडीखाली 10 सेंटिमीटरची आणि दोहोंवर रबर चढविले, की वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. मातीचा मावळा मधोमध नसेल तर तबकडी अडखळते. तोल म्हणजे काय, ते त्या अडखळण्यातून समजते. मात्र हे सारे सेलवरच चालावे. जेथे पाणी खेळते तेथे घरातील विजेची तार नेणे म्हणजे सणाच्या दिवशी संकटाला आमंत्रण होय.

येथे शाळांचे कर्तव्य सुरू होते. किल्ल्यांच्या स्पर्धेत उंची आणि रोषणाई पाहून बक्षिसे दिली, तर जिंकतो तो पालकांचा पैसा. त्याऐवजी निदान एक हालचाल मुलाने स्वतः साधलेली असावी आणि ती कशी घडते हे त्याने परीक्षकांना समजावून द्यावे, असा नियम करण्यास खर्च येत नाही. नमुन्यांसाठी अहिल्यानगर जिल्ह्याला दूर जाण्याची गरज नाही. जालन्याच्या मोहिमेनंतर 1679 साली शिवाजी महाराज जेथे विसावले तो पट्टा किल्ला अकोले तालुक्यात आहे. खंदकाने वेढलेला भुईकोट तर शहरालगतच आहे.

विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ आणि कप्पी पाठ करून गुण मिळतात. विकतच्या मावळ्याला पहाऱ्यावर फिरविताना ती कळतात. दिवाळीच्या सुटीत यापरता चांगला गृहपाठ शिक्षकांना देता येणार नाही.